मौनाची मुदत

माझंच वाक्य मला दादाकडून परत आलं. मी कार्यालयात होते. अध्यक्षांचा मसुदा सगळ्या सदस्य देशांना पाठवायचा होता आणि मी त्याच्या तळाशी नेहमीची ओळ टाकत होते: ‘गुरुवारी दुपारी बारापर्यंत कोणाचीही हरकत न आल्यास सर्वांची संमती आहे असे समजण्यात येईल.’ ही ओळ मी इतक्यांदा टाकली आहे की ती आता बोटंच टाकतात, डोळे दुसरीकडे असतात. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. घरच्या गटावर दादानं लिहिलं होतं: ‘बाबांसाठी ज्येष्ठांचं एक निवासस्थान बघून ठेवलंय. जागा चांगली आहे, डॉक्टर कायम असतात, बाग आहे. रविवारी संध्याकाळपर्यंत कोणाची हरकत आली नाही तर सर्वांची संमती आहे असं समजतो.’ गटावर आम्ही चौघं आहोत. म्हणजे तिघं. आईचं नाव अजून तिथंच आहे, कारण ते काढायचं कोणी हे ठरलेलं नाही. दादाच्या संदेशाखाली बाबांनी वाचल्याची खूण उमटली, मग माझी. आईची उमटणार नव्हतीच, पण मी थोडा वेळ बघत राहिले.

मग मी उठले, खिडकीपाशी गेले, परत बसले, पुन्हा उठले. आई गेल्यापासून माझं हे असं झालं आहे, बूड टेकत नाही. बसलं की वाटतं कुठंतरी काहीतरी चालू ठेवून आलोय, आणि उठलं की काय ते आठवत नाही. आमच्या मजल्यावर वातानुकूलनाची एक बारीक घरघर सतत असते. इतकी वर्षं ती मला ऐकू आली नव्हती, आता तिच्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. पलीकडच्या टेबलावरून आमचे विभागप्रमुख म्हणाले, “काय बाई, मसुदा गेला का? का त्याला कडेवर घेऊन फेऱ्या मारताय?” मी म्हटलं, “जातोय.” आणि पाठवून दिला.

मौनाची मुदत हा शब्द आमच्या संस्थेबाहेरच्या माणसाला सांगितला की तो हसतो. पण आमचं निम्मं जग त्यावर चालतं. एवढ्या देशांना एका खोलीत आणून प्रत्येकाकडून ‘हो’ वदवून घ्यायचं तर जन्म जायचा. म्हणून ‘हो’ विचारायचंच नाही. मसुदा पाठवायचा, एक वेळ द्यायची आणि गप्प बसायचं. त्या वेळेपर्यंत सगळे गप्प राहिले तर ठरलं. एखाद्यानं एका ओळीचं पत्र पाठवलं की मौन मोडलं, सगळं पुन्हा टेबलावर. कारण द्यावं लागत नाही. फक्त ज्यानं मोडलं त्यानं टेबलाशी येऊन बसावं लागतं, एवढाच शिष्टाचार. ती मुदत सांभाळणं हे माझं काम. मी कोणाला आठवण करायची नाही, कोणाला खुणावायचं नाही, नुसतं बघत राहायचं की काही येतंय का. लोक घराची राखण करतात, शेताची करतात, मी शांततेची करते, असं मी एकदा सुट्टीत घरी जेवताना म्हटलं होतं. दादा हसला होता. बाबा हसले नव्हते. त्यांनी घास खाली ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, “पद्धत फार चांगली आहे. वेळ वाचतो.”

त्यांना ती नवी नव्हतीच. आमच्या घरात ती माझ्या जन्माआधीपासून होती, फक्त तिला नाव नव्हतं. बाबा जेवणाच्या टेबलाशी एकेक विषय काढायचे. कुठं जायचं, काय घ्यायचं, कोणाला बोलवायचं, कोणाशी बोलणं बंद करायचं. आपलं मत सांगून झालं की विचारायचे, “कोणाला काही म्हणायचंय?” मग उजव्या हाताचा तळवा टेबलाच्या वर धरून ते जरा थांबायचे. त्या थांबण्याला फसवणूक म्हणता येणार नाही, ते खरोखर थांबायचे. मग तळवा टेबलावर आपटायचा. “ठरलं तर मग.” पेल्यांमधलं पाणी हलायचं. आई बहुतेक वेळा शेगडीकडच्या बाजूला, टेबलापासून जरा मागं ओढलेल्या खुर्चीवर असायची, उठायला सोपं जावं म्हणून. ती म्हणायची, “हं.” या ‘हं’चे प्रकार होते. एक ‘ऐकतेय’चा, एक ‘करा तुम्हाला काय करायचं ते’चा, आणि एक अगदी आखूड, नाकातल्या नाकात संपणारा, तो ‘नको’चा. मी लहानपणीच ते ओळखायला शिकले होते, जसं मुलं पावलांवरून माणूस ओळखतात. बाबांच्या कानाला तिन्ही सारखेच लागायचे. ते दुष्ट नव्हते. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी मनापासून सांगितलं असतं की या घरात आजवर एकही गोष्ट सगळ्यांच्या संमतीशिवाय झालेली नाही.

आमच्या मंडळाची जुनी खोली पाहिली की मला ते टेबल आठवतं. संस्था स्थापन झाली तेव्हा जे हजर होते त्यांच्या मापानं एक लांबोळकं टेबल करवून घेतलं गेलं. उत्तम लाकूड, कडेला पितळी पट्टी. नंतर सदस्य वाढत गेले, नवे देश झाले, झेंडे वाढले. टेबल मात्र तेच राहिलं, कारण ते दारातून बाहेर निघत नाही. भिंती नंतर बांधल्या. मग नव्यांसाठी भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या. भिंतीकडच्यांना ऐकता येतं, कागद मिळतात, पाणी मिळतं. मत टेबलावरच्यांचं. जगातल्या पाण्यासाठी, धान्यासाठी, साथीच्या औषधांसाठी कोणाला आधी आणि कोणाला नंतर, हे त्या पितळी पट्टीच्या आत ठरतं. हे बदलायला हवं यावर कोणाचं दुमत नाही. त्यासाठी सुधारणा समिती आहे, आणि तिची पहिली बैठक झाली तेव्हा तिचे आजचे अध्यक्ष शाळेत होते. ते सज्जन आहेत, दमलेले आहेत, आणि निवृत्त होण्याआधी काहीतरी ‘पार पाडावं’ असं त्यांना वाटतं.

एवढ्या वर्षांनी मसुद्यात एक खरं वाक्य आलं होतं. लहान सदस्य देशांना मिळून टेबलावर एक जागा, आळीपाळीनं, आणि तिला मत. ते वाक्य आणलं होतं धावतीनं. आम्ही तिला धावती म्हणतो, तिच्या तोंडावरही म्हणतो. तिच्या देशाच्या कार्यालयात ती एकटीच आहे. राजदूत तीच, टंकलेखक तीच, चहा करणारी तीच. मोठ्या देशांची माणसं घोळक्यानं येतात आणि एकेका परिच्छेदाला एकेक माणूस वाटून घेतात. ही एकाच वेळी चालणाऱ्या तीन बैठकांमधून धावत असते. पिशवीत सपाट बूट ठेवलेले असतात. जिन्यात घालते, खोलीच्या दाराशी बदलते. आई गेल्यावरच्या रजेवरून मी परत आले तेव्हा ती मला कॉफीच्या यंत्रापाशी भेटली, एका पायात एक बूट आणि दुसऱ्यात दुसरा.

“आई गेली ना तुझी?” भिंतीला टेकून बूट ओढता ओढता ती म्हणाली. “माझी गेली तेव्हा मी बैठकीत होते. पाण्याच्या कलमावर.”

“मग?”

“मग काय, माझी बोलायची पाळी यायची होती. उठले असते तर पाळी गेली असती.” दुसरा बूट चढला. “आली नाहीच म्हण. वेळ संपला. तुम्ही लोकांनी भिंतीवर घड्याळ लावलंय ना, ते टेबलापासून सुरू होतं आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर जेवणाची सुट्टी होते.”

“आता जागा मिळेल की.”

“बसायला मिळालं तर झोपच लागेल मला,” ती म्हणाली आणि हसत हसत निघूनही गेली.

सोमवारी मी पाठवलेल्या मसुद्यात ते वाक्य नव्हतं. अध्यक्षांनी काढलं होतं, टेबलावरच्या दोघातिघांशी ‘अनौपचारिक’ बोलून. त्या जागी होतं: ‘लहान सदस्य देशांच्या मतांची यथोचित दखल घेण्याचे मंडळ मान्य करते.’ हे मंजूर झालं की विषय बंद. पुन्हा उघडायचा तर पुढच्या फेरआढाव्यात, आणि तोवर आज खोलीत असलेलं कोणीही खोलीत नसेल. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. यथोचित दखल. आईच्या मताचीही आमच्याकडे यथोचित दखल घेतली जायची. पुढे कधीतरी, पाहुण्यांसमोर, “आमची ही तेव्हाच म्हणत होती” अशी.

बुधवारी दादाचा फोन आला. “तू गटावर काही बोलली नाहीस.”

“रविवारपर्यंत वेळ आहे ना?”

“वेळ आहे गं. पण जागा धरून ठेवायला सांगितलीय मी. हे बघ, तू तिथं लांब. मी या टोकाला, ते त्या टोकाला. दोनदा गॅस चालू राहिला. शेजारच्या काकूंनी फोन केला म्हणून कळलं. तू फोनवर ‘जेवलात का’ विचारतेस, ते ‘जेवलो’ म्हणतात, तुझं झालं. डबा उघडून मी बघतो.”

यातलं काही खोटं नव्हतं. “बाबांना विचारलंस?”

“टाकलंय की गटावर. वाचलंय त्यांनी. बोलले काही?”

“समोर बसून विचारलंस का?”

“अगं, बाबा आणि पटलं नाही तर गप्प बसणार? ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याला आवंढा गिळेपर्यंत वेळ दिला नाही, तो? घर डोक्यावर घेतलं असतं एव्हाना.” मग थट्टेत, पण नुसती थट्टाही नव्हे, “आणि पद्धत तुझीच आहे, मॅडम. मी नियमाबाहेर गेलेलो नाही.”

फोन ठेवल्यावर मला आनंद झाला. हे लिहायला अवघड आहे, पण झाला, लहानसा, गारगोटीसारखा गार. आता बाबांनी बसावं भिंतीकडच्या खुर्चीत. आता त्यांच्या डोक्यावर कोणीतरी तळवा धरावा आणि मनातल्या मनात आकडे मोजून खाली आणावा. तो आनंद घेऊन मी जिन्यानं खाली गेले, रस्त्यावर आले, नदीवरच्या पुलापर्यंत चालत गेले, आणि तिथं तो संपला. मागं उरलं ते नेहमीचंच. आईला काय हवं होतं ते मला माहीत नाही. काय नको होतं त्याचे आवाज मला पाठ आहेत. पण तिला काय हवं होतं? ती गेल्यावर घर आवरताना मला स्वयंपाकघरातल्या फरशीवर चरे दिसले होते. चार पायांचे चार, शेगडीकडच्या तिच्या जागेपासून निघून खिडकीपर्यंत गेलेले. एकदा खुर्ची सरकवली तर असे पडत नाहीत, वर्षानुवर्षं रोज नेली-आणली तर पडतात. म्हणजे बाबा बाहेर पडले की ती खुर्ची खिडकीशी न्यायची, आणि ते यायच्या आत जागेवर ठेवायची. टेबल खिडकीशी घेऊ या, एवढं साधं वाक्य. ती एकदाही बोलली नाही. का एखाद्या चौथ्या ‘हं’मधून बोलली, आणि आम्ही कोणी तो प्रकार शिकलोच नाही?

गुरुवारी बारा वाजायच्या जरा आधी धावती आमच्या खोलीत आली. धावत नाही, चालत. पायात बैठकीचे बूट. पाहुण्यांच्या खुर्चीवर बसली. मी तिला या इमारतीत बसलेली पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं पत्र हातानं द्यायला आली. मी तिला काही विचारू शकत नव्हते, कागद पुढं सरकवू शकत नव्हते, नुसतं डोळ्यांनीही ‘दे’ म्हणू शकत नव्हते. प्रमुख चष्म्यावरून आमच्याकडे बघत होते. तिचे हात मांडीवर होते. रिकामे.

“वरून आलंय,” ती म्हणाली. “गप्प राहा. आमच्या बंदराचं काम कोणाच्या तरी हातात आहे, आणि त्या कोणाला तरी माझं वाक्य आवडत नाही.”

“मग इथं कशाला आलात?” मला राहवलं नाही.

“माझं गप्प राहणं या बाजूनं कसं दिसतं ते बघायला.”

मी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. तसं करायला नियमाची आडकाठी नव्हती. पडद्यावर देशांची नावं होती आणि प्रत्येकासमोर कोरी जागा. काहींची कोरी, कारण त्यांना मसुदा हवा होता. काहींनी तो वाचलाच नसणार. काहींच्या राजधानीत सुट्टी असेल. एकाची कोरी, कारण ती माझ्यासमोर मांडीवर हात ठेवून बसली होती. तिनं आपल्या देशाचं नाव शोधलं.

“सगळ्यांसारखंच दिसतं की गं,” ती म्हणाली.

बारा वाजले. प्रमुख म्हणाले, “आलं काही?” मी म्हटलं, “नाही.” आणि मी लिहिलं: मौन अभंग राहिले, मसुदा सर्वसंमतीने स्वीकृत. धावती उठली, पिशवीतून सपाट बूट काढले, तिथंच बदलले. “चल, खालच्या मजल्यावर धान्याचं कलम आहे,” ती म्हणाली. दारातून मागं वळून तिनं मला हात केला, तिनं माझं सांत्वन करावं अशी वेळ असल्यासारखा.

शनिवारी सकाळी मी बाबांना फोन केला. जेवलात का, विचारलं नाही. काय करताय, विचारलं. पलीकडून फरशीवर काहीतरी खरवडल्यासारखा आवाज आला.

“खुर्ची सरकवतोय.”

“कुठली?”

“तुझ्या आईची. खिडकीशी नेतो. फरशीवर खुणा आहेत, त्यावरून बरोब्बर जाते बघ, सांगायला लागत नाही.” बसल्याचा आवाज आला, धाप लागलेली. “इथून समोरचं गॅरेज दिसतं. एक मेकॅनिक आहे, तो सारखा गाडीखाली जातो. त्याचे पाय दिसतात. दोन आठवडे बघतोय मी. ती काय बघायची तेच कळत नाही.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“गॅरेज नसेल बघत. वरती एक गच्ची आहे, तिथं कोणीतरी कपडे वाळत घालतं. पण ते दुपारी. दुपारी माझा डोळा लागतो.” मग म्हणाले, “गॅसचं बटण उजवीकडे फिरवलं की बंद का डावीकडे, हे तिला विचारायला हवं होतं.”

“बाबा, दादानं लिहिलंय ते वाचलंत ना?”

“वाचलं.”

“मग?”

बराच वेळ गॅरेजमधला हातोडा ऐकू येत होता. मग बाबा म्हणाले, “हं.”

आखूड. नाकातल्या नाकात संपलेला. पन्नास वर्षं शेजारी जेवून त्यांनी तो उचलला होता की खिडकीशी बसून नव्यानं शिकले होते, कोण जाणे. मला तो आवाज त्यांच्या तोंडून ऐकवेना. मी “ठेवते” म्हणून फोन ठेवला आणि घरभर फिरले. कपाट उघडलं, बंद केलं. ज्या माणसानं माझ्या आईचं मौन आयुष्यभर संमती म्हणून मोजलं, त्याचं मौन मी का वाचून दाखवावं? आणि मोडलं तर टेबलाशी जाऊन बसावं लागेल मला. गॅस, डबे, डॉक्टर, दादाचा राग, माझी रजा, आणि ते स्वतः, त्यांच्या तळव्यासकट. दादाची बाजू खोटी नाही. माझ्याकडे दुसरा मसुदाही नाही. हरकत आहे, एवढंच आहे.

एकदाच, एकदाच आई बोलली होती. मला शिकायला दुसऱ्या शहरात जायचं होतं, ज्या शिक्षणातून पुढे ही नोकरी आली. बाबा म्हणाले, इथं काय वाईट आहे? सगळं सांगून झालं. “कोणाला काही म्हणायचंय?” मी ताटात बघत होते. दादा पाणी पीत होता. तळवा वर गेला, थांबला, आणि शेगडीकडून आवाज आला, “नाही.”

“नाही म्हणजे? म्हणायचं नाही?”

“नाही म्हणजे नाही. ती जाईल.”

“कारण?”

आई माझ्या ताटात वाढत राहिली. बाबा कारणाची वाट बघत होते. ते मिळालं असतं तर त्यांनी ते खोडून काढलं असतं, त्यात ते तरबेज होते. पण तिनं दिलंच नाही. तळवा हवेत अवघडला, आणि शेवटी त्यांनी तो टेबलाऐवजी मांडीवर ठेवला. पेल्यांतलं पाणी हललं नाही. मी गेले.

रविवारी दुपारी ऊन टेबलावर होतं तेव्हा मी गटावर लिहिलं, ‘नाही.’

दादानं लगेच विचारलं, ‘का?’ मग, ‘तुझ्याकडे दुसरा उपाय आहे का?’ मग, ‘लांबून नाही म्हणायला काय जातंय?’ तिन्ही रास्त होते. मी लिहिलं, ‘येतेय. रजा घेतलीय. टेबलाशी बसून बोलू, बाबांना समोर घेऊन.’ दादानं लिहिलं, ‘बरं. मी आणि तुझी वहिनी दोघं येतो. पण या वेळी तू डबे उघडून बघ.’

बाबा लिहीत असल्याची खूण दिसायला लागली. येत होती, जात होती. त्यांना अक्षरं सापडायला वेळ लागतो. मी उभीच होते. शेवटी त्यांचा संदेश आला.

‘टेबलाशी तीनच खुर्च्या आहेत. चौथी खिडकीशी आहे. ती हलवायची नाही.’

आणि थोड्या वेळानं, खाली: ‘कोणाला काही म्हणायचंय?’

दादानं वाचल्याची खूण उमटली. माझी उमटली. मी वाट बघितली, सवयीनं, काही येतंय का. दादानं काही लिहिलं नाही. मी खाली बसले, आणि मीही काही लिहिलं नाही.